चौथ्या टापेनंतर

"हिचे पाय कुठं गेले?"

कल्याणभाऊंनी कॉम्प्युटरला नाक लावायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. स्क्रीनवर त्यांची घोडी होती, सगुणा. चारी पाय पोटाखाली गोळा झालेले, माती चांगली वीतभर खाली राहिलेली, आणि मातीवर तिची सावली सुटी पडलेली. अजिनाथनं हा फोटो त्याच सकाळी पाटाच्या कडेच्या कच्च्या रस्त्यावर काढला होता. तेव्हापासून त्याला तहानभूक नव्हती.

"पोटाखाली हायेत की, भाऊ. पळताना घोडी जमीन सोडती ती अशीच. पाय लांबवलेले असतात तवा एखादा टेकलेला असतोच."

"कुनी सांगितलं?"

"कॅमेऱ्यानं."

निळ्या पडद्यामागून ज्योतीचा आवाज आला. "काका, हलू का आता?"

पोरगी भरतीच्या फॉर्मसाठी फोटो काढायला आली होती. भाऊ दुकानात शिरले तेव्हा अजिनाथ तिला 'हलू नको' म्हणून बाहेर आला होता आणि ती बिचारी तशीच ताठ बसून होती. सोनईत पंचवीस वर्षं अजिनाथ हेच करत आला. हनुवटी खाली, कान दिसू द्या, हलू नका. वडिलांच्या काळात लोक नटूनथटून स्टुडिओत यायचे. आता हौसेचे फोटो मोबाईलवर निघतात आणि इथं येतात ते फक्त फॉर्मवाले. आठ बाय दहाच्या त्या खोलीत दिवसभर माणसांना गप्प बसवता बसवता आपणच स्टुलाला चिकटलो, असं त्याला हल्ली फार वाटायचं.

घोड्यांचं खूळ अकरा वर्षांपूर्वीचं. एका लग्नात नवरदेवाची घोडी उधळली, अजिनाथनं बटण दाबलं, आणि फोटोत आला नुसता फराटा नि शेपटी. नवरदेव हसला आणि विसरला. अजिनाथ विसरला नाही. भाऊंची घोडी सकाळी पाटावर पळवायला नेत, तिथं तो जाऊन उभा राहू लागला. शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर आणलं, तर घोडी काळी येऊ लागली. मग ऊन वर येईपर्यंत थांबायला शिकला. पाय रोवून, कमरेतून वळत, घोडीबरोबर कॅमेरा फिरवायला शिकला. तरी जमिनीवरून सुटलेली घोडी काही सापडेना. कॅमेरा जुना, सेकंदाला तीन फोटो काढणारा. हवा तो क्षण नेमका दोन फोटोंच्या मधे पडायचा.

घोडीचं दाणापाणी बघणाऱ्या भागूबाई रोज हा तमाशा पाहायच्या. सगुणाला शिंगरू असल्यापासून त्यांनीच वाढवलेली. एकदा न राहवून त्या म्हणाल्या, "डोळ्यानं कशाला धरतो? ती डोळ्याला घावती व्हय? कानानं धर. चार टापा वाजत्यात, मग एक जागा रिकामी जाती. तवा ती खाली नसती."

तेव्हापासून अजिनाथ ऐकू लागला. रिकामी जागा ऐकून दाबलं की उशीर व्हायचा. चौथ्या टापेलाच बोट खाली जायला हवं होतं. एवढं हाताला कळायला दोन वर्षं गेली, आणि आज सकाळी ते जमलं.

"सारंगखेड्याच्या घोडेबाजारात द्यायचीय हिला," भाऊ म्हणाले. "गिऱ्हाईक आदी मोबाईलवर फोटो मागतंय. ह्यो बघितला की म्हनंल, घोडी ठेचाळती. पुढलं पाय पुढं, मागलं मागं, असं तानून दे. क्यालेंडरावर असत्यात तसं."

"ते खोटं हुईल, भाऊ."

"खोटं कसं? पाय तिचंच लाव की. आन ह्यो पुसून टाक. कुटं पाठवू नगं. ठेचाळती म्हनून बोभाटा झाला की सौदा गेला."

अजिनाथच्या हाताखाली, माऊसच्या खाली, एक कागद होता. नगरच्या छायाचित्र स्पर्धेचा फॉर्म. शेवटची तारीख रविवार. जनावराचा फोटो असेल तर मालकाची सही लागत होती, आणि ती मागायची म्हणून त्यानंच भाऊंना हौसेनं बोलावून घेतलं होतं.

दुकानाचा गाळा भाऊंचा होता, अजिनाथच्या वडिलांनी तोंडी बोलीवर भाड्यानं घेतलेला. भाऊंनी त्याचा विषय कधी काढला नव्हता, आजही काढला नाही. उलट जाताना त्यांनी चहा सांगितला. ते भांडले असते तर बरं झालं असतं, असं अजिनाथला वाटलं.

त्यानं ज्योतीचा फोटो काढला आणि मग पाय बदलायला बसला. पुढचे पाय एका फोटोतून घेतले, मागचे दुसऱ्यातून. अकरा वर्षांत जे साधलं ते त्यानं तासाभरात, स्वतःच्या हातानं मोडलं. त्याला स्वतःची लाज वाटली. भाऊंना मात्र फोटो इतका आवडला की त्यांनी त्याचा मोठा फ्लेक्स करून दुकानाच्या भिंतीवर लावून दिला.

रविवार येऊन गेला. पुढच्या आठवड्यात सगुणा टेम्पोत चढली आणि बाजारातच विकली गेली. दोन दिवसांनी भागूबाई दुकानात आल्या. या दारात त्या कधी आल्या नव्हत्या.

"या मावशी. फॉर्मसाठी काढायचा का?"

"न्हाई रं. सगुनीचा एकांदा हाय का?"

अजिनाथनं भिंतीकडे बोट केलं. भागूबाईंनी फ्लेक्स वरपासून खालपर्यंत पाहिला.

"ही कुनाची?"

"सगुणाच."

"न्हाई. हिचं पुढलं येगळं, मागलं येगळं. अशी पळली तर तोंडावर आपटंल."

अजिनाथनं कॉम्प्युटर लावला. तो खरा फोटो पुसायला त्याचा हात धजला नव्हता. तो त्यानं 'लाईट बिल' नावाच्या फोल्डरमध्ये दडवून ठेवला होता. भागूबाई वाकल्या. मग मान जराशी कलती करून, कान स्क्रीनकडे करून म्हणाल्या,

"व्हय. आता टाप वाजंल."

अजिनाथ प्रिंटरकडे वळला. मोठा कागद संपलेला होता. फॉर्मच्या मापाचे फोटो निघतात तेवढाच होता. एका कागदावर आठ सगुणा निघाल्या, बोटाच्या पेराएवढ्या, आठही जमिनीवरून सुटलेल्या.

"एकच दे. येवढ्या कुटं बांदू?"

त्यानं एक कापून दिली. शाई अजून ओली होती, पिशवीत फासू नये म्हणून त्यानं माऊसखालचा स्पर्धेचा फॉर्म काढला आणि त्याच्या घडीत ती ठेवली. भागूबाईंनी ती पुडी कमरेच्या पिशवीत नीट खोचली आणि त्या निघाल्या. फॉर्मवर मालकाच्या सहीची जागा कोरीच होती.