तळ्याकडचं फाटक

“फाटकाची साखळी आखूड कर, रॉस. हात आत जाता कामा नये,” जॅनेट कर्कनेस म्हणाली.

मी ती कापली. अवजारं माझी, साखळी तिची. तिच्या चार कालवडी कोणामुळे मेल्या, हे मात्र मला एकट्यालाच ठाऊक होतं.

तळं कुणाच्या बापाचं नाही, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. पण तळ्यापर्यंतची जमीन कुणा ना कुणाच्या बापाचीच असते. उत्तरेचा काठ सुट्टीतल्या बंगल्यांनी गिळला, ओढ्याकडची वाट नव्या मालकानं बंद केली. काठावर उभं राहून ट्राउट मासे धरायला गावाला उरलं होतं ते कर्कनेसांचं कुरण. जॅनेटच्या आजोबांपासून तिथून जायची मुभा, अट एकच. कुरण संपतं तिथलं तळ्याकडचं फाटक जसं दिसेल तसं ठेवायचं. उघडं तर उघडं, लावलेलं तर लावलेलं. आमच्या पोरांना लिहायला यायच्या आधी हे येतं. मी तर एकसष्ट वर्षांचा, जन्मभर याच शेतांवरचे पंप दुरुस्त करत आलेला.

त्या शनिवारी फाटक सताड उघडं होतं. संध्याकाळी ट्राउट अगदी काठाशी येतो आणि काठावर चार माणसं झाली की खोल निघून जातो. रस्त्यावरून सुट्टीतल्या गाड्यांची रांग लागली होती. लांबून उघडं फाटक बघून कुणीतरी कुरणातून तळ्याकडे वळेल, म्हणून मी ते लावून घेतलं. मला काठ एकट्याला हवा होता, दुसरं काही नाही. चांगला हातभर मासा मिळाला. निघतानाही मी फाटक लावूनच निघालो.

त्याच सकाळी फोनवर जॅनेटचा निरोप आला होता की कुरणातल्या हौदाचा पंप बंद पडलाय, येऊन जा. मी ते काम बुधवारवर ढकललं होतं. हौद कोरडा पडला म्हणूनच तिनं गुरांसाठी तळ्याचं फाटक उघडं टाकलं होतं, आणि निर्धास्तपणे लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. रीत पाळणाऱ्या गावात तिनं पाटी लावायची काय गरज होती?

बुधवारी पंप घेऊन मीच आलो आणि मीच त्या पाहिल्या. चौघी फाटकाला नाक लावून पडल्या होत्या. पलीकडे तीस पावलांवर पाणी चमकत होतं.

“शहरातली माणसं,” जॅनेट तेव्हा म्हणाली होती. “त्यांना रीत काय ठाऊक?”

“हो ना,” मी म्हणालो होतो. या दोन शब्दांची मला अजून लाज वाटते. फाटक लावल्याची वाटते त्याहून जास्त.

कुलूप बसवत होतो तेवढ्यात बेव्हन स्लोनची जुनी गाडी येऊन थांबली. वय चौऱ्याऐंशी, खुब्याचा सांधा दोनदा बदललेला. गळ कसा फेकायचा ते मला यानंच शिकवलं. गाडी पाण्याजवळ नेता येईल अशी त्याला ही एकच जागा राहिली होती.

“काय रे, तुरुंग बांधतोयस की काय?” त्यानं काच खाली करून विचारलं.

“बेव्हन, वाईट वाटतं मला,” जॅनेट म्हणाली. “पण एकाला सोडलं की सगळ्यांना सोडावं लागेल.”

“तुझी जमीन, तुझी गुरं, बाई. तुझं काय चुकलं?” मग तो माझ्याकडे वळला. “कोण गाढव होता तो, सापडायला हवा.”

मी स्क्रू घट्ट करत राहिलो. तोंड उघडलं असतं, तर जॅनेटनं मला हाकललं असतं आणि साखळी कदाचित परत नेली असती. कदाचित म्हातारा त्या संध्याकाळीही पाण्याशी बसला असता. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. मी चौथा स्क्रू हातात घेतला.

काम झालं तशी जॅनेटनं दुसरी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. “पंपासाठी लागेल तुला. मासे धरायलाही खुशाल जात जा. तू आमच्यातला आहेस.”

“नशीबवान आहेस लेका,” बेव्हन म्हणाला. “जा आता, ऊन उतरलंय. मी इथूनच बघतो.”

नाही म्हणायला कारण सुचेना, म्हणून गेलो. सगळा काठ माझा एकट्याचा होता. बेव्हन कुंपणापलीकडून ओरडून सांगत होता, “डावीकडे टाक, लव्हाळ्याजवळ.” मी तिथंच टाकला. मासा लागला. मी तो सोडून दिला.

परत आलो तेव्हा म्हातारा काच खाली ठेवून बसलेला होता. त्याच्यादेखत मी बाहेर आलो आणि रीतीप्रमाणे फाटक जसं होतं तसं ठेवलं. कुलूप लागलं की नाही, ते दोनदा ओढून पाहिलं.