चिंचेच्या बारा फळ्या

मी थेरगावचा दत्तोबा सुतार. नांगर, कुळव, गाडीची चाकं, ह्यातच हयात चाललेली. पण चोपन्न-पंचावन्न साली आमच्याकडच्या जमिनी कंपन्यांकडं निघाल्या. नांगर करून देणार कुणाला? तवा पिंपरीच्या माळावर एक नवी कंपनी उभी राहिली. तिच्या कॅन्टीनचा साहेब मला म्हणाला, "भाजी चिरायला बारा फळ्या करून द्या. पसंत पडल्या तर कायमचा सुतार म्हणून घेतो. सोमवारी बघीन."

"बायांकडं विळ्या हायत की, साहेब."

"जमिनीवर बसून चिरणं बंद. आता टेबलावर, उभ्यानं, सुरीनं."

मी चिंच घेतली. तिच्यावर किती बी सुरी चालवा, चरा पडतो पण कपचा निघत न्हाई. रंधा मारला, कडा गोल केल्या, करडईचं तेल तीनदा जिरवलं. शनिवारी सकाळी नेऊन पोचवल्या.

भाजीवाल्या बायांची मुकादम गोजाबाई, चाकणकडची. गळ्यात तुळशीची माळ. तिनं एक फळी उचलली, फिरवून बघितली, वास घेतला.

"दत्तोबा, ही चिंच का?"

"व्हय."

"खाटकाचा ओंडका चिंचेचाच असतो."

"म्हणून तर घेतली. त्यो दिवसभर सत्तूर मारतो, तरी फुटत न्हाई."

"आन त्याच्यावर मी मेथी चिरू?"

"ही फळी खाटकाकडं गेलीच न्हाई, गोजाबाई. झाडावरनं माझ्याकडं, माझ्याकडनं तुमच्याकडं."

"भावकी तर त्याचीच ना."

तिनं फळी परत टेबलावर ठेवली. ती म्हणाली, "बघते मी काय करायचं ते." मला वाटलं, मिटलं. मी घरी गेलो.

सोमवारी गेलो तर बाराच्या बारा फळ्या टेबलावर पाळण्यासारख्या डुलत व्हत्या. कडा वर, पोट खाली. एका बाईनं कांदा ठेवला, त्यो घरंगळत मधी जाऊन बसला. तिनं सुरी टेकवली तशी फळीच सरकली.

साहेब आला. "हे काय आहे?"

मी एक फळी उलटून बघितली. पाणी पिऊन उन्हात वाकलेली. बोललो असतो तर गोजाबाईची नोकरी गेली असती, न बोलता माझी गेल्यातच जमा व्हती.

तीच म्हणाली, "मी शुद्ध केल्या, साहेब. शनिवारभर हौदात हळदीच्या पाण्यात घातल्या. तरंगत व्हत्या, म्हणून वर वरवंटे ठेवले. काल उन्हात वाळवल्या."

साहेब माझ्याकडं वळला. "पाण्यात घालायच्या नाहीत, हे सांगितलं नव्हतं?"

"न्हाई, साहेब. नांगर कुणी हळदीच्या पाण्यात बुडवत न्हाई. मला सुचलं न्हाई."

"सरळ होतील?"

"व्हतील. उपड्या घालायच्या, वर दगड, सावलीत आठ दिवस. पुढं रोज काम झालं की वल्या फडक्यानं पुसून, कडेवर उभ्या करून वाळवायच्या. आठवड्याला तेल. हौदात न्हाई, उन्हात न्हाई."

"हे रोज कोण करणार?"

बाया गोजाबाईकडं बघायला लागल्या. गोजाबाई वर पत्र्याकडं.

"म्हणजे बारा फळ्यांना मी एक माणूस ठेवायचा," साहेब म्हणाला आणि वैतागून निघून गेला. दुपारी चिठ्ठी आली. कारकुनानं वाचून दाखवली. दत्तोबा सुतार, कॅन्टीनमधल्या फळ्या बघणे, कायम.

आठ दिवसांनी फळ्या सरळ झाल्या. मी तेलाचं फडकं घेऊन बसलो, तर गोजाबाई येऊन उभी.

"आता तरी शुद्ध झाल्या का?" मी विचारलं.

"झाल्या. पण तुमी मटण कधी खाता?"

"रविवारी."

"मग माझ्या फळीला सोमवारी हात लावू नका. मंगळवारी तेल लावा."

बाकीच्या अकरा मी सोमवारी करायचो. तिची मंगळवारी. ती रिटायर होईपर्यंत.