वस्तू तीच आहे

माझ्या धाकट्या भावाला तक्रार करताच यायची नाही. लहानपणी माझे आखूड झालेले स्वेटर त्याच्या अंगावर चढायचे, त्यातला एक तर चक्क गुलाबी, छातीवर फुलं असलेला. शाळेत पोरं चिडवायची आणि हा बाबा ढिम्म. मलाच वाईट वाटायचं, तर उलट मलाच समजवायचा, "रंगाचं काय घेऊन बसलीस ताई, ऊब येते ना?" गुटगुटीत होता म्हणून घरात त्याला गब्दू म्हणायचे. पुढे वाळून काटकुळा झाला, दोन पोरींचा बाप झाला, तरी नाव गब्दूच राहिलं.

हा गब्दू बर्फाच्या कारखान्यात फिटर होता. बारा वर्षं नुसते पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. यंदा अमोनियाच्या खोलीतला जुना मेकॅनिक गुडघे गेले म्हणून घरी बसला आणि मालकाने याला तिथे उभं केलं. अमोनिया म्हणजे ज्याच्या जोरावर बर्फ गोठतो तो वायू. नळीत फिरतोय तोवर ठीक, बाहेर सुटला की डोळे, घसा, छाती जाळत जातो. कारखान्यातला मास्क केव्हाच चिरला होता आणि मालक आज आणतो, उद्या आणतो करत होता. शेवटी गब्दूने मला फोन केला.

"ताई, तुमच्या दुकानात मास्क मिळतो का गं?"

"मिळतो का काय? आम्ही दुसरं विकतो काय?" मी म्हणाले. "मी मागवते. तू फक्त घाल."

आमचं नातं हे असंच. मी करायचं आणि त्याने मुकाट घ्यायचं. तो काही विचारत नसे आणि मी काही समजावत नसे.

आमचं दुकान इंटरनेटवरचं. कामगारांना लागणारे हातमोजे, बूट, हेल्मेट, मास्क असला माल. खालच्या मजल्यावर गोदाम, वर आम्ही. चौदा वर्षं मी कॅटलॉगमध्ये आहे. वस्तूचं नाव, फोटो, माहिती नीट लागली की नाही ते बघायचं. वस्तू हातात घेतल्याशिवाय मी तिच्याबद्दल एक अक्षर लिहीत नसे. दिवसातून दहादा गोदामाचा जिना चढ-उतर करायचे. ऑफिसातली मंडळी मला पाठीमागे हेडमास्तरीण म्हणायची, आणि मला ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

गेल्या वर्षी साहेबांनी एआय आणलं. कारण खरंच होतं. एकाच हातमोज्याची सात मापं आणि तीन रंग म्हणजे एकवीस वेगळी पानं व्हायची, गिऱ्हाईक बिचारं चाळून चाळून दमायचं. आता एआय सगळे फोटो आणि नावं बघणार, कुठल्या वस्तू एकाच वस्तूचे प्रकार आहेत ते ओळखणार आणि त्यांचा एक गट करून एकच पान बनवणार. खाली रंगाचे आणि मापाचे चौकोन, हवा तो दाबा. काम झकास करायचं, नाही असं नाही. आम्ही त्याला जावईबापू म्हणायचो, कारण त्याचं कौतुक करायचं आणि चुकलं तर गप्प बसायचं, असा एकूण साहेबांचा रिवाज होता.

माझं काम उरलं ते एवढंच. पडद्यावर वस्तूंचा गट यायचा, वर प्रश्न असायचा, "हे एकाच वस्तूचे प्रकार आहेत का?" बाजूला जावईबापूंना किती खात्री आहे त्याचा आकडा. खाली दोन बटणं, हो आणि नाही. सुरुवातीला मी शंका आली की उठून गोदामात जायचे. साहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "बाई, दिवसाला सहाशे गट व्हायला हवेत. तुम्ही शंभरावर अडकताय. अहो, ते अठ्ठ्याण्णव टक्के म्हणतंय आणि तुम्ही जिने काय चढताय?"

मला राग आला. घरी जाऊन आदळआपट केली. आणि दुसऱ्या दिवसापासून खुर्चीतून उठणं सोडून दिलं. करा मेले काय करायचं ते, असं मनात म्हणत हो, हो, हो दाबत गेले.

त्याच आठवड्यात मास्कचे फिल्टर आले. मास्कला दोन्ही गालांवर जे गोल डबे पेचाने बसतात ते. सगळे एकाच घाटाचे, एकाच मापाचे, फक्त पट्ट्याचा रंग वेगळा. तपकिरी, पिवळा, हिरवा, पांढरा. जावईबापूंनी त्यांचा एक गट केला होता. वस्तू: फिल्टर. रंग: चार. खात्री सत्त्याण्णव टक्के.

आता नीट ऐका, कारण इथे मला पळवाट नाही. मला माहीत होतं. फिल्टरवरचा रंग शोभेसाठी नसतो. तपकिरी असतो रंगकामाच्या वाफेसाठी, हिरवा अमोनियासाठी, पांढरा नुसत्या धुळीसाठी. एकाचं काम दुसरा करत नाही. यंत्राला फोटोत ते कसं दिसणार? मला मात्र चौदा वर्षांचं ठाऊक होतं. बोट बटणावर थांबलंही होतं. मग वाटलं, गट तर नुसता पानावर दिसण्यापुरता आहे, ज्याला घ्यायचाय त्याला आपला रंग कळतोच की. त्या दिवशी झालेल्या गटांचा खालचा आकडा तीनशे बारावर होता आणि दुपारचे साडेतीन वाजले होते. मी हो दाबलं.

दोन महिन्यांनी गब्दूचा फोन आला. मी त्याच पानावर जाऊन मास्क घेतला आणि फिल्टर घेतला हिरवा. स्वतःच्या हाताने हिरवा चौकोन दाबला. पत्ता आणि फोन नंबर त्याचा टाकला. बुधवारी त्याचा फोन आला, "ताई, मास्क आला. एकदम फिट बसतो. पोरी घाबरल्या मला बघून, म्हणतात बाबा माशी झाला."

"मग माशीसारखा भुणभुणत बसू नकोस, कामाला लाग," मी म्हणाले. दोघं हसलो. रंग कोणता आला ते मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

त्यानंतर अकराव्या दिवशी सकाळी कारखान्यात एका व्हॉल्व्हचा जोड फाटला. सगळे बाहेर पळाले. आत जाऊन मुख्य चावी बंद करायला हवी होती. गब्दू म्हणाला, "थांबा, माझ्याकडे मास्क आहे, माझ्या ताईने दिलाय," आणि आत गेला. हे त्याच्या जोडीदाराने मला हॉस्पिटलात सांगितलं, तेही कौतुकाने, त्याला वाटलं मला बरं वाटेल. गब्दूने चावी बंद केली. परत येताना दारापासून सहा पावलांवर पडला.

तीन दिवस तो नळ्यांमध्ये पडून होता. पहिल्या दिवशी नर्सने त्याच्या वस्तूंची पिशवी माझ्या हातात दिली. आत बूट, पाकीट, किल्ल्या आणि मास्क. मास्कच्या दोन्ही गालांवर पांढरे पट्टे. मला काही कळेचना. मी हिरवा मागवला होता, मला पक्कं आठवत होतं. पाकिटात आमच्या दुकानाची चिठ्ठी घडी करून ठेवलेली होती, माल बदलून द्यायची वेळ आली तर लागते म्हणून. तिच्यावर छापलं होतं, "आपण निवडलेला रंग सध्या उपलब्ध नसल्याने दुसरा रंग पाठवला आहे. वस्तू तीच आहे."

हे वाक्य मी लिहिलेलं आहे. आठ वर्षांपूर्वी, रेनकोटसाठी. निळा संपला तर काळा पाठवा, गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवू नका, असा नियम तेव्हा मीच सुचवला होता आणि साहेबांनी माझी पाठ थोपटली होती. गोदामाच्या कॉम्प्युटरमध्ये तो नियम तसाच होता. ज्या वस्तूला रंगांचा गट असेल तिला तो आपोआप लागू. पूर्वी असे गट रेनकोट आणि टोप्यांचे होते. आता जावईबापू गट करत होते आणि मी त्यांना हो म्हणत होते.

हॉस्पिटलच्या बाकावर भावजय माझ्या शेजारी येऊन बसली. रडून रडून तिचा आवाज गेला होता. म्हणाली, "ताई, तुम्ही दिलेला मास्क लावला होता ना त्यांनी? मग असं कसं झालं?"

मी पिशवीचं तोंड घट्ट धरलं आणि म्हणाले, "गॅसच फार होता गं."

तिने मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला तिने, नेहमी ठेवते.

चौथ्या दिवशी पहाटे गब्दू गेला. पाचव्या दिवशी दुपारी मी ऑफिसात होते. लोक म्हणाले, काय बाई आहे, भाऊ जाऊन दोन दिवस नाही झाले. म्हणोत. मी साहेबांच्या टेबलावर तो मास्क ठेवला आणि काय झालं ते सगळं सांगितलं, माझा हो सुद्धा. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाले, "आधी तो गट सुटा करा. पान दुरुस्त करा."

"केलं," मी म्हणाले. "आणि यादीही काढलीय. मागितला एक रंग आणि गेला पांढरा, असे एक्केचाळीस जण आहेत. त्यांना फोन करायला हवेत."

"फोन नका करू अजून. वकिलांशी बोलतो, सोमवारपर्यंत सांगतो."

"आणि सोमवारपर्यंत कुणी तो घालून आत शिरला तर?"

"बाई, तुमची मनःस्थिती मी समजू शकतो. पण सगळेच काही अमोनियात जात नाहीत. आणि हे बाहेर गेलं तर हो कुणी म्हटलं होतं तेही बाहेर जाईल, याचा विचार करा."

"तोच विचार करून आलेय," मी म्हणाले. आवाज इतका चढला की बाहेरचे टायपिंगचे आवाज थांबले. "मला माझी कातडी वाचवायची असती तर मी घरी बसून रडले नसते का?"

यादी घेऊन गोदामात उतरले. जिथून पूर्वी वस्तू हातात घेऊन बघायचे, त्याच फिल्टरच्या रॅकपाशी एक खोकं ओढून बसले. हिरव्या फिल्टरांची नवी खोकी समोरच रचलेली होती. त्यांच्यावर माल आल्याची तारीख होती, मी गब्दूची ऑर्डर टाकली त्यानंतर चौथ्या दिवसाची. एकेक नंबर लावायला लागले. प्रत्येकाला तेच सांगायचे, "मी दुकानातून बोलतेय. तुम्हाला पाठवलेला पांढरा फिल्टर चुकीचा आहे, तो फक्त धुळीसाठी असतो. तो घालून आत जाऊ नका. चूक आमची आहे, माझी आहे." एक रंगारी म्हणाला, तरीच महिनाभर डोकं ठणकतंय. एकाने शिव्या घातल्या, मी ऐकून घेतल्या. एक म्हणाला, "अहो बाई, मास्क तो मास्क," त्याच्याशी दहा मिनिटं भांडले, तेव्हा कुठे त्याने फिल्टर काढून माझ्यादेखत, म्हणजे माझ्या ऐकण्यात, कचऱ्यात फेकला.

सव्विसावी ओळ आली. मागवणाऱ्याचं नाव माझं, नंबर गब्दूचा.

ही ओळ सोडता आली असती. सांगण्यासारखं आता कोण उरलं होतं? माझी बोटं खालच्या नंबराकडे गेलीसुद्धा. मग मला मी हो दाबलं तेव्हाचं बोट आठवलं, आणि मी गब्दूचा नंबर लावला.

फोन भावजयीने उचलला. "ताई?"

मला तिच्याशी ताई म्हणून बोलताच आलं नसतं. म्हणून मी तेच वाक्य म्हटलं, पाठ झालेलं. "मी दुकानातून बोलतेय. तुम्हाला पाठवलेला पांढरा फिल्टर चुकीचा होता. तो फक्त धुळीसाठी असतो. हिरवा मागवला होता, तो संपला होता. चूक माझी आहे." मग पुढचंही सांगितलं, गट, बटण, चिठ्ठीवरचं वाक्य, आणि हॉस्पिटलच्या बाकावर मी खोटं बोलले तेही.

मागे धाकटी पोर काहीतरी मागत होती, तिला तिने हळूच "थांब" म्हटलं. मग मला विचारलं, "हिरवा किती दिवसांनी आला असता?"

समोर खोकी होती. मी तारीख पुन्हा वाचली.

"चार दिवसांनी," मी म्हणाले.

"चार दिवस थांबले असते हो ते," ती म्हणाली. "त्यांना कुठे कशाची घाई असायची?"