चूल वेगळी

प्रेमिलाच्या मनगटावरची हिरवी बांगडी हलतच नव्हती... काल कोपरापर्यंत सरकत होती, आज काचेखालचं मांस फुगून पांढुरकं झालेलं — खाज नाही, काही चावल्याची खूण नाही. पुष्पाची नजर लेकीच्या तोंडाकडे वळण्याआधी अंगणापलीकडच्या चुलीकडे गेली. मोठी जाऊ रुख्मा तिथे खाली मान घालून भात वेळत होती. जशी काही गरीब गाय!

तीन वर्षं झाली चूल वेगळी करून. त्याआधी कधी पुष्पाचे ओठ सुजायचे, कधी डोळा, कधी पोटात अशी कळ की भिंतीवर डोकं आपटावं — आणि दर वेळी आठवायचं, रुख्माच्या हातचं काहीतरी खाल्लं होतं. वेगळ्या चुलीवरही सूज आली, तेव्हा पुष्पाने माठ वेगळा केला. मग मीठही.

गेल्या महिन्यात नवऱ्याने, बिसरामने, तिला गोंदियाला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, रक्तातच एक द्रव्य तयार होतं, ब्रॅडिकायनिन की काय, नव्या पुस्तकांत आलंय. ते वाढलं की बारीक शिरा सैलावतात, पाणी मांसात झिरपतं, सूज येते, ठणकतं. “किसी ने कुछ नहीं खिलाया, बाई. मायके में किसी को था?”

नाही, म्हणाली ती. धडधडीत खोटं. आई माहेरी, चिचगडला, गळा सुजून गेली, श्वास कोंडून... आणि त्याच आठवड्यात गावाने काकूला करणीवाली ठरवून हाकललं. बोट दाखवणारी पोर मीच, नऊ वर्षांची, आजच्या प्रेमिलाएवढी. काकूने आईला ताक दिलेलं मी पाहिलं होतं — पाहिलंच होतं ना?

“मोठ्या मायकडं काही खाल्लीस?” रुख्माच्या चुलीकडे मान करत पुष्पाने लेकीला विचारलं.

“नाही वं माय. तुह्याच हातचा भात खाल्ली.”

“काऊन खोटं बोलून राहिलीस?”

पोर सरळ तिच्या डोळ्यांत बघत राहिली. खोटं बोलताना ती खाली बघते, हे पुष्पाला पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात रुख्मा साबणाचा तुकडा घेऊन आली, उंबऱ्याबाहेरच थांबली. “साबण लावून पाहू काय, पुष्पा? नाहीतर वाढवून टाकू बांगडी. हात आणखी सुजंल.”

विष असतं तर किती बरं झालं असतं... विषापासून पोरीला दूर ठेवता येतं; आपल्याकडून तिच्यात उतरलेल्या रक्तापासून कसं ठेवणार? रुख्माला ये म्हणावं — तर डोळ्यांपुढे तेच... काकूचं गाठोडं, तिची पाठ, आणि आपलं ते बोट...

लेकीचा सुजलेला हात पुष्पाने घट्ट धरला होता. तो आपणच सोडून रुख्मापुढे करावा, असं तिला पहिल्यांदा वाटलं.