मास्तरांना चक्कर येत नाही

मी बोलतेय. ओळखलंत? नाही ना! डॉक्टर संगणकावर टकटक करतात आणि तुम्ही मान उंचावून डोकावता, ती मी. तपासणीची नोंद.

माझ्या आज्या-पणज्या कागदावर जन्मल्या आणि कपाटात धूळ खात पडल्या. अक्षर असं, की लिहिणाऱ्यालाही लागू नये. माझं नशीब थोर. मला पेशंट घरबसल्या मोबाइलवर वाचतात.

माझे धनी म्हणजे शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले मास्तर.

"गोळ्या रोज घेता ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"म्हणजे काय!"

"चक्कर वगैरे?"

"मला? जन्मभर पोरांना पळवलंय मी!"

झालं. बाईंनी मला लिहिलं: गोळ्या नियमित. चक्कर नाही. रक्तदाब तरीही जास्त. उद्यापासून दोन गोळ्या.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर मास्तरीणबाई पाण्याचा पेला आणि दोन गोळ्या घेऊन आल्या. एकीच्या दोन का झाल्या, हे वाचल्याशिवाय त्या थोड्याच देणार! चष्मा चढवून त्यांनी मला मोठ्यानं वाचलं आणि मध्येच थांबल्या.

"अहो, चक्कर नाही? मग परवा बाथरूममध्ये भिंतीला धरून कोण उभं होतं?"

"ते होय! पाय घसरला."

"कोरड्या फरशीवर?"

मास्तर पंख्याकडे बघायला लागले.

"गोळी घेतली की गरगरतं गं. म्हणून अधूनमधून बुडवतो."

"मग डॉक्टरांना सांगायला काय झालं?"

"तिला काय सांगू? माझ्या हाताखाली शिकलेली पोर ती! तिच्यापुढे रडगाणं गाऊ?"

मास्तरीणबाईंनी गोळ्या टेबलावर ठेवल्या. "एकीनं गरगरतं आणि मी दोन देत होते, माझ्या हातानं. तुम्ही पडला असतात म्हणजे?" त्यांचे डोळे भरून आले. मास्तरांची छाती पहिल्यांदाच खाली बसली. माझाही जीव टांगणीला लागला होता, पण मला तोंड कुठंय?

मास्तरीणबाईंनी लगेच दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी दोघांना बोलावून घेतलं, सगळं ऐकलं आणि गोळीच बदलली.

"मास्तर, खोटं बोललं की तुम्ही आम्हाला मैदानाला फेऱ्या मारायला लावायचात."

"मग मारू म्हणतेस?"

"नको, चक्कर येईल."

मास्तर इतके हसले, की बाहेरचे पेशंट दारातून डोकावले. आता गरगरणं थांबलंय आणि रक्तदाबही ताळ्यावर आलाय.

लोकहो, मला वाचत जा. नसेल कळत तर विचारा, चुकलं असेल तर बेधडक सांगा. मी तुमचीच आहे, पण तुम्ही थापा माराल तर मीही थापाच सांगणार!

हल्ली मास्तरांच्या प्रत्येक नोंदीत डॉक्टरीणबाई पहिली ओळ न चुकता लिहितात: 'माहिती देणार: पत्नी. मास्तर शेजारी बसून मान डोलावत होते.'