नितळबाबांचं पाणी

तळ्याकाठच्या वाळूवर पाय ठेवायला जागा नव्हती. नितळबाबांनी काचेच्या बरणीत तळ्याचं गढूळ पाणी घेतलं, टोकाला रेशमी फडकं गुंडाळलेली काठी त्यात फिरवली आणि डोळे मिटले.

"गाळा, बस खाली. पापा, जा तळाशी."

गाळ खरंच शहाण्या मुलासारखा खाली बसू लागला. वरचं पाणी अगदी नितळ. गर्दीनं हात जोडले. पोहायला मनाई करणारा लाल झेंडा कुणीतरी उपटून वाळूत आडवा टाकला होता आणि त्याच्यावर लोकांनी खुशाल चपला काढून ठेवल्या होत्या.

झेंडा लावला होता पाणी तपासणाऱ्या बाईंनी. तळ्याकाठच्या सगळ्या गावांनी मिळून त्यांना नेमलं होतं. प्रत्येक किनाऱ्याचं पाणी तपासायचं, घाण कुठून येते ते हुडकायचं आणि ती वाट बंद करायची, हे त्यांचं काम. बाकीचे किनारे सुधारले, हा एक काही केल्या सुधारेना. आज बाईंचं लक्ष बाबांकडे नव्हतंच. त्या काठाचं पाणी न्याहाळत होत्या आणि मधूनच टेकाडावरच्या बाबांच्या मठाकडे बघत होत्या.

तेवढ्यात रांगेत धाकटी बहीण दिसली. तिच्या खांद्यावर भाचीनं मान टाकलेली. बाई गर्दीतून वाट काढत तिच्याजवळ गेल्या.

"हिला दवाखान्यात न्यायचं सोडून इथे कशाला आणलीस?"

"जुलाब थांबेनात, ताई. बाबांनी औषध बंद करायला सांगितलंय. फक्त हे पाणी द्यायचं."

"अगं, तुरटी आहे ती. दाढी झाल्यावर गालावर फिरवतात ना, तोच खडा त्या फडक्यात बांधलाय. त्यानं गाळ बसतो. जंतू सगळे मरत नाहीत."

"पाणी नितळ झालेलं डोळ्यांना दिसतं. तुझे जंतू कुणी पाहिलेत?"

बाईंना बहिणीचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली.

इतक्यात काठाशी पाण्यात एक हिरवी रेघ उमटली. बघता बघता ती पसरली आणि सगळा काठ पोपटी झाला. पुढचे लोक दोन पावलं मागे सरले. क्षणभर बाबाही गडबडले, पण गडी मुरलेला.

"पाहिलंत? तळं प्रसन्न झालं. हे तेज माझ्या मठातून उतरलंय. प्या, लेकरांनो."

लोक ओंजळी भरू लागले. बहिणीनंही पेला बुडवला. बाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या.

"मठातूनच उतरलंय, बाबा खरं बोलतायत. कुणाचा मैला तळ्यात येतो ते बघायला आम्ही काठावरच्या एकेका संडासात रंग ओततोय. आज मठाची पाळी होती. सकाळी तिथल्या संडासात हा रंग मीच ओतला."

ओंजळी सुटल्या. कुणीतरी ओकायला लागलं. एका म्हाताऱ्यानं बाबांच्या हातातली काठी ओढून फडकं सोडलं. तुरटीचा खडा वाळूत पडला.

"ताई, मी हिला रोज पाजलं गं," बहीण कशीबशी म्हणाली.

भाचीचे डोळे खोल गेले होते. ती हाकेला ओ देईना. बाईंनी तिला उचललं आणि दवाखान्याची वाट धरली. मागून येता येता बहिणीनं चपला बाजूला सारून झेंडा उचलला आणि पुन्हा वाळूत रोवला.

पाणी नितळ आहे, एवढ्यावर भागत नाही. ते कुठून आलं, कुणी तपासलं, हेही विचारा. आणि कुणी औषध बंद करा म्हणालं, तर पायाला पाय लावून पळा. त्या किनाऱ्यावर हे विचारायला उशीर झाला होता. पोर वाचेल की नाही, हे डॉक्टरही त्या दिवशी सांगू शकले नाहीत.