शुक्रवारी येणारा कुंदन

शुक्रवारी दुपारी नवापुरात हेमालीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. वाळत घातलेले बोंबील बाजूला सारून माणसं दाटीवाटीनं बसली होती, पोरं कुंपणावर चढली होती, बोईसरहून दोन रिक्षा भरून पाहुणे आले होते. सगळ्यांचे डोळे पाटावर ठेवलेल्या हेमालीच्या मोबाइलवर खिळलेले. समोर चिंधू भगत डोळे मिटून घुमत होता.

"दर्याचा दरवाजा उघडला रे! कुंदन निंगाला! अर्ध्या वाटंवर हाय!" मध्येच त्याचा हात कमरेशी गेला आणि आवाज चढला. "वेशीत आला! आता बोलतोय, बगा!"

तो आणखी चार मिनिटं घुमला आणि मोबाइल वाजला. पडद्यावर नाव आलं, कुंदन. खाली निरोप: 'निघालो. भात टाक.'

अंगणभर शहारा उठला. कुंदनची आई नलू जमिनीवर डोकं टेकून रडू लागली.

कुंदनला जाऊन चार महिने झाले होते. तो बोईसरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा. एका रविवारी रजा टाकून काकाच्या बोटीवर हौसेनं गेला आणि बोट उलटली. तिसऱ्या दिवशी दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर जाऊन त्याच्या बायकोनं, हेमालीनंच, त्याचं प्रेत ओळखलं होतं. तरी दर शुक्रवारी, तो जिवंत असताना यायचा तसाच, त्याच्याच नंबरवरून हा निरोप यायचा. आणि दर शुक्रवारी हेमाली खरोखरच भात टाकायची, एक ताट झाकून ठेवायची आणि दारावर कुणी थाप मारतंय का ते ऐकत बसायची. संध्याकाळी तो भात ती गुपचूप कोंबड्यांना घालायची.

दर्याचा दरवाजा उघडायला भगताला दर खेपेला एक नारळ, एक कोंबडा आणि अख्खी सुरमई लागायची. या शुक्रवारी मात्र त्यानं निराळंच काही मागितलं.

"जीव अडकलाय त्याचा," तो हेमालीकडे बोट दाखवून म्हणाला. "ह्या बाईच्या ओढीनं. पुढल्या शुक्रवाराच्या आत हिला म्हायेरी धाडा. पोर हितंच ऱ्हाऊ द्या, ती बापाचं रगत हाय. नाय धाडली, तर पुढल्या खेपेला तो पोरीला घेऊन जाईल!"

हेमालीची चार वर्षांची लेक दीपिका ते ऐकून आत पळाली आणि खाटेखाली शिरली. तेव्हापासून फोन वाजला की ती खाटेखाली जाई. पोरगी स्वतःच्या बापाला भ्यायला लागली होती.

"आय, मी पोरीला सोडून जाऊ?" हेमालीनं रात्री सासूला विचारलं.

"मी काय करू गं?" नलू रडत म्हणाली. "माज्याजवळ आता ही एकच ऱ्हायलीय. ती पण गेली तर?"

मंगळवारी कारखान्यातून एक मुलगी आली. तिचं नाव समिधा. कुंदनच्या जागेवर ती नव्यानं लागली होती.

"वहिनी, थोडं विचारायचं होतं," ती ओटीवर बसत म्हणाली. "आमच्याकडे सहा मशीन एकमेकांना जोडलेली आहेत. सहा मिळून एकच काम ओढतात. त्याला क्लस्टर म्हणतात आणि त्यातल्या एकेकाला नोड. कुंदननं सगळ्यांना नावं दिली होती." तिनं कारखान्यातल्या मशीनशी जोडलेला लॅपटॉप उघडला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं होती. ती वाचू लागली, "नवापूर, दातिवरे, सरावली, सातपाटी, तारापूर. आणि हे शेवटचं."

शेवटचं नाव हेमालीनं स्वतःच वाचलं. कुंदन.

"हे मशीन जुनं झालंय, काढायचंय. मी यादीतून त्याचं नाव तीनदा काढलं. तीनदा शुक्रवारनंतर ते आपोआप परत आलं. ऑफिसातल्या लोकांनी त्याला लिंबूमिरची बांधलीय. मग मी आत काय काय आहे ते शोधलं, तर तिथं तुमचा नंबर निघाला."

हेमालीनं तिला सगळं सांगितलं. भगताचं, दीपिकाचं, माहेरी धाडण्याचं. समिधाचा चेहरा उतरला.

"भगताला बोलवा," ती म्हणाली. "आणि जमतील तेवढी माणसं."

अर्ध्या तासात अंगण भरलं. भगत ऐटीत आला.

"भगतमामा, कुंदन आज येईल का?"

"मंगळवारी?" भगत हसला. "पोरी, पाण्यात मेलेल्याचा वार शुक्रवार. दुसऱ्या वारी माजा बा आला तरी दरवाजा उघडायचा नाय."

"मी बोलावते."

तिनं काळ्या पडद्यावर एकच आज्ञा टाइप केली. "ह्या बायचा मंतर बगा," कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. चार मिनिटं गेली. मोबाइल हेमालीच्या हातात होता. तो वाजावा की वाजू नये, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

वाजला. 'निघालो. भात टाक.'

हसणारे मागे सरकले. नलू भिंतीला धरून उभी राहिली.

"मी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, बाकी काही नाही," समिधा म्हणाली. "शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी. दुरुस्तीसाठी लाइट बंद ठेवतात. लाइट आल्यावर सगळी मशीन नीट उठली की कुंदन घरी निघायचा. दर वेळी फोन कोण करणार? म्हणून त्यानं लिहून ठेवलं, मशीन उठलं की वहिनींना निरोप जाऊ दे. स्वतःचं जुनं सिम मशीनच्या मागे लावलं. त्याचा वर्षाचा रिचार्ज अजून संपलेला नाही."

"आणि ते नाव?" नलूनं विचारलं. ओटीवरचं बोलणं तिनं आतून ऐकलं होतं. "काढलं तरी परत कसं येतं?"

"आजी, रेशनकार्डावरून तुमचं नाव कमी केलं आणि तुम्हाला कळवलंच नाही, तर तुम्ही पुढच्या महिन्यात पिशवी घेऊन दुकानात जाणारच ना? तसंच हे. मी नुसतं यादीतून नाव खोडलं. मशीनला सांगितलंच नाही. लाइट आली की ते उठतं, जाऊन स्वतःचं नाव पुन्हा लिहून घेतं. चूक माझी होती. भूत कुणाचंच नव्हतं."

"मंग मला आधी कसा कळायचा?" भगत ओरडला.

"तुमचा भाचा मिथुन आमच्या विजेच्या खोलीत आहे. लाइट आली की तो तुम्हाला मिस्ड कॉल देतो. आत्ता माणसं जमेपर्यंत मी त्याला फोन केला, तेव्हा त्यानंच हसत हसत सांगितलं. मशीन उठायला चार मिनिटं लागतात. तेवढा वेळ तुम्ही घुमता."

सगळ्यांच्या नजरा भगताच्या कमरेकडे वळल्या. तिथं खोचलेला फोन त्यानं सदऱ्याखाली लपवला, तेव्हा पोरंसुद्धा फिदीफिदी हसली. तो शिव्या देत चालता झाला.

"आता हे नीट काढते," समिधा म्हणाली. "आधी त्याचं काम बाकीच्या पाचांवर सोपवायचं. मग त्याला सांगायचं, यापुढे आपणहून उठून यादीत यायचं नाही, निरोपही धाडायचा नाही. आणि शेवटी नाव काढायचं."

"थांबा," हेमाली म्हणाली. "तो येत नाय ते मला म्हायती हाय. मीच वळखला होता त्याला. तरी शुक्रवारची वाट बगते मी. तेवढा पण घेणार तुमी?"

समिधानं लॅपटॉपवरचा हात काढून घेतला. "तुम्ही नको म्हणालात तर ठेवते," ती हळूच म्हणाली.

हेमालीनं मागे वळून पाहिलं. मघाशी फोन वाजला तशी दीपिका खाटेखाली गेली होती. तिथून तिचे दोन पाय तेवढे दिसत होते.

"कंचा बटन?" हेमालीनं विचारलं.

समिधानं आज्ञा लिहिल्या, एंटर हेमालीनं दाबलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. यादीत पाच गावं उरली. मग समिधानं खात्रीसाठी ते मशीन पुन्हा चालू केलं. चार मिनिटं झाली, दहा झाली. फोन वाजला नाही. हेमाली हुंदके देऊन रडली. चार महिन्यांत ती अशी रडली नव्हती.

मग तिनं डोळे पुसले आणि लोकांकडे वळली. "माजी एक ओळ होती नवऱ्याची, ती आज गेली. पण तिच्यापायी माजी पोर जात होती. माणूस गेला की रडा. पण कुणी म्हणाला की तो परत येतो, तर इचारा, कुठना येतो, कशानं येतो. आमी सांगू त्या वारी येल काय? ह्या अंगणात चार महिने कुणी इचारला नाय. मी पण नाय."

नलू आत गेली. गुडघ्यांवर हात टेकत खाटेशी बसली आणि जे तिनं आजवर तोंडातून काढलं नव्हतं ते नातीला सांगितलं.

"बाहेर ये, बाय. तुजा बाबा मेला. मेलेला माणूस कुणाला न्यायला येत नाय."